पहिलीच्या पोरांसाठी खेळ निवडताना

हिंजवडीच्या एका ऑफिसानं जुने कॉम्प्युटर बदलले आणि त्यातले चार आमच्या रिहे खोऱ्यातल्या शाळेला दिले. शाळा चौथीपर्यंतची. पहिली-दुसरीच्या खोलीचं वायरिंग तेवढं धड होतं, म्हणून बाईंनी ते तिथं मांडले. टेबलं मोठ्या माणसांच्या मापाची. पोरं खुर्चीवर बसली की पाय लोंबकळायचे आणि हनुवटी टेबलाला टेकायची.

आता त्यावर पोरांना खेळायला काय द्यायचं? शाळेच्या समितीत हा विषय निघाला आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझी मुलगी पहिलीत, आणि मी बी.एस्सी. शेरडं-मेंढरं राखणाऱ्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी चारचौघांत सांगते, लाजत नाही. मी म्हटलं, माझ्यावर सोडा.

घरी लॅपटॉप उघडून बसले. अक्षरं आहेत का, आकडे आहेत का, रंग छान आहेत का, वर वय किती लिहिलंय, सगळं तपासलं. प्रत्येक खेळ स्वतः खेळून बघितला. दोन अधिक दोन विचारलं की चार दाबायचे, टाळ्या वाजायच्या, पुढे जायचं. सहा खेळ निवडले, बाईंना दिले आणि दोन दिवस गावातून जरा ताठ मानेनं हिंडले.

आठवड्यात बाईंचा निरोप आला, येऊन बघा म्हणून. खोलीत शिरले तर समोरच्या पडद्यावर दोन अधिक दोन होतं आणि पोरं नऊ दाबत होती. माझी मुलगी सगळ्यात पुढे. उत्तर चुकलं की त्या खेळातला बेडूक पोटावर आपटून चिखलात पडायचा आणि असा काही आवाज काढायचा, की मी इथं लिहीत नाही. बरोबर उत्तराला नुसत्या टाळ्या. मग बरोबर उत्तर कोण देईल?

घरी बसून खेळताना माझं एकही उत्तर चुकलं नव्हतं. पदवीधर बाई ती, चुकणार कशी? म्हणून चुकल्यावर काय होतं ते मला कळलंच नव्हतं.

दुसरा खेळ त्याहून वाईट. त्यात चांदण्या गोळा करत पळायचं, आणि त्याला शेवटच नाही. बाईंनी तो बंद केला तेव्हा रडारड झाली, माऊसची ओढाओढ झाली आणि एका पोरीच्या दंडाला दुसऱ्यानं चावा घेतला. ती पोरगी समितीच्या अध्यक्षांची नात निघाली. खोऱ्यातली सगळ्यात मोठी भातखाचरं त्यांची. गावात त्यांचा शब्द खाली पडत नाही.

बैठकीत अध्यक्ष काका चिडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. शांतपणे म्हणाले, "पोरी, बारक्यांचं काम न्हाई हे. मशिनी चौथीच्या खोलीत हलवा. शिकल्याली माणसं चुकत्यात कवाकवा." तिथं कोणीतरी हसलं.

मी आठ दिवस मागितले. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर सगळ्यांनी यावं, नाही पटलं तर मीच वायरी काढून देईन, असं म्हणाले. काकांनी मान हलवली.

मला ते इतकं का लागलं, तेही सांगते. मी माऊस पहिल्यांदा धरला तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. टेबलावर सरकवायचा असतो हे माहीत नव्हतं, मी उचलून हवेत फिरवला. शहरालगतच्या सूसच्या सोसायटीतल्या दोन मुली हसल्या. घरी येऊन ते फक्त वडिलांना, आबांना, सांगितलं होतं. माझ्या मुलीच्या वर्गातल्या कुठल्याच पोरीवर ती वेळ यायला नको होती. चौथीपर्यंत थांबा म्हटलं की निम्म्या पोरी बुजून जातात, हे मी स्वतःवरून जाणते.

त्या संध्याकाळी माहेरी गेले. माहेर गावातच, वरच्या आळीला. आबा दारात एका विकाऊ शेळीपुढे बसले होते. शेळी पाला खात होती, आणि आबा बघत मात्र डोंगराकडे होते. मी विचारलं, शेळी घ्यायची तर शेळीकडे बघत का नाही?

"खाताना समदी शेरडं गुणाचीच दिसत्यात," आबा म्हणाले. "थांब जरा." मग उठले आणि तिच्या पुढची डहाळी उचलून बाजूला ठेवली. आता मात्र ते टक लावून बघत होते. शेळीनं दोनदा हुंगलं, दावं पुरेल तिथवर गेली आणि कुंपणाची पानं ओरबाडू लागली. "हां. ही घ्यायची. धडका देत बोंबलत बसली असती तर माघारी लावली असती."

मी तिथनं उठले ती थेट घरी. पहिले दोन दिवस मी मुद्दाम नापास झाले. जन्मात कधी झाले नव्हते. प्रत्येक खेळात उलटी उत्तरं दिली आणि चुकलेल्याला काय मिळतं ते बघितलं. कुठं हसं होई, कुठं भोंगा वाजे, कुठं मध्येच जाहिरात टपके. ते सगळे काढून टाकले. उरलेल्यांसाठी माझी मुलगी आणि शेजारची तीन पोरं रोज पडवीत बसवली. खेळ रंगात आला की मी बंद करायची आणि गप्प बघत राहायची. कोण रडतं, कोण पाय आपटतं, कोण उठून काय करतं. शुक्रवारपर्यंत दोनच खेळ टिकले. त्यातला एक गोठ्यांचा. कप्प्यात मावतील तेवढी जनावरं घालायची. जास्त झाली तर एक जनावर मुकाट्यानं बाहेर येऊन उभं राहतं. कोणी हसत नाही, कोणी ओरडत नाही. दहा कप्पे झाले की जनावरं झोपतात आणि खेळ आपणच संपतो.

शनिवारी बाई, अध्यक्ष काका, पालक सगळे आले. आबाही आले, मागे भिंतीला टेकून उभे राहिले. मी सांगितलं, पडद्याकडे बघू नका, थोडा दम धरा. पोरं खेळू लागली. पाचव्या कप्प्यावर होती तेवढ्यात मी बाईंना बटण बंद करायला सांगितलं.

सगळे मोठे लोक रडण्याची वाट बघत होते.

काकांची नात खुर्चीवरून घसरत खाली उतरली आणि बाहेर पळाली. पाठोपाठ बाकीची. अंगणातल्या मातीत तिनं काडीनं चौकोन आखले, चिंचेखालचे चिंचोके वेचले आणि एकेका चौकोनात घालू लागली. माझी मुलगी ओरडली, सहा मावत न्हाईत तितं, एक काढ. मग दोघींचं भांडण जुंपलं, पण ते भांडण आकड्यांचं होतं. नातीनं आजोबांना हाक मारली. "आज्या, आपल्या गोठ्यात किती मावत्यात?"

काका उकिडवे बसले. बोटं मोजली. "दावणीला आठ. वासरं धरली तर..." आणि अडकले. नातीनं त्यांच्या हातात चिंचोके दिले.

कॉम्प्युटर हलवायचा विषय नंतर कोणी काढला नाही. जाताना काका बाईंना एवढंच म्हणाले की टेबलं लई उंच हायेत. सोमवारी त्यांच्या घरून चार बुटके चौरंग आले, आणि पोरांचे पाय जमिनीला लागले.

मी जिंकले. आडपडदा न ठेवता सांगते, जिंकले.

त्या शनिवारी सगळे पांगल्यावर आबा एका खुर्चीवर बसले. मी माऊस त्यांच्या हाताखाली दिला. त्यांनी तो उचलला नाही, माझ्याकडे बघून अलगद टेबलावरून सरकवला. पाचाच्या कप्प्यात त्यांनी सहावी शेळी घातली. ती बाहेर येऊन उभी राहिली. आबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"बराबर हाय तिचं," म्हणाले, आणि पुढचा कप्पा घेतला.