कर्णिक साहेबांचं मॅगझिन

मी पलटणीत आर्मरर हवालदार होतो. हत्यारं तपासायची, दुरुस्त करायची आणि वापरायला योग्य आहेत अशी सही करायची, हे माझं काम. सतरा वर्षं केलं. पेन्शनीत निघाल्यावर धाकट्या भावाने, अनिलने, कागदपत्रं करून मला आणि बायकोला अमेरिकेत बोलावून घेतलं. न्यू जर्सीत एडिसनला अपार्टमेंट मिळालं. एका मशीन शॉपमध्ये लेथवर नोकरी लागली. सकाळी सातला कार्ड पंच, साडेतीनला सुट्टी.

शेजारच्या लेथवर रे नावाचा माणूस होता. व्हिएतनामला जाऊन आलेला. आम्ही डबा एकत्र खायचो. १९८६ च्या उन्हाळ्यात त्याने मला एक जाहिरात दाखवली. कुठल्याशा देशाच्या फौजेने मोडीत काढलेली नाइन एमएम पिस्तुलं विकायला आली होती. वापरलेली, घासलेली, म्हणून स्वस्त. चित्र बघून मी लगेच ओळखलं. आमच्या ऑफिसर लोकांच्या कमरेला हेच असायचं.

अनिल म्हणाला, "दादा, वेड लागलंय का? कशाला हवंय?"

"हातांना सवय आहे," मी म्हणालो.

पोलिसांकडे ठसे दिले. परमिट यायला दोन महिने लागले. पिस्तूल घरी आणल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडलं. बॅरल ठीक, स्प्रिंग ठीक. एकच दोष होता. मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीच्या, वरच्या दोन कडा, ज्या गोळीला धरून ठेवतात, त्या फाकल्या होत्या. मी पक्कड घेतली, कडा आत वळवल्या, नकली गोळ्या भरून हाताने वरची सरकती स्लाइड ओढून पाहिली. सगळ्या नीट चढल्या.

हे सगळं मी पूर्वी एकदा केलं होतं.

एकाहत्तरचा डिसेंबर, पूर्वेची आघाडी. दुपारी तीनला कॅप्टन कर्णिक माझ्या तंबूत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला त्यांच्या कंपनीचा हल्ला होता.

"मोरे, हे मॅगझिन बघा. गोळी वर उसळते."

कडा फाकल्या होत्या. नियमाप्रमाणे असं मॅगझिन रद्द करून नवं मागवायचं. स्टोअर म्हणालं, उद्या संध्याकाळी. मी पक्कड घेतली, कडा वळवल्या, हाताने चालवून पाहिलं. चाललं. शत्रू जवळ होता, फायर करून तपासता येत नव्हतं. मी सही केली.

"खात्रीने चालेल ना?"

"चालेल, साहेब."

"तुम्ही म्हणताय, मग झालं." ते गेले.

हल्ल्याच्या वेळी मी मागे, बटालियन हेडक्वार्टरच्या रेडिओजवळ होतो. सहा वाजून दहा मिनिटांनी सेटवर आवाज आला, "सनरे डाउन. आय से अगेन, सनरे डाउन. ओव्हर." सनरे म्हणजे कमांडर.

नंतर त्यांच्या रनरने, म्हणजे निरोप नेणाऱ्या शिपायाने, सांगितलं. नाला ओलांडताना साहेबांची स्टेनगन गाळात गेली. ते पिस्तूल घेऊन बंकरच्या मागच्या तोंडाशी पोचले. तीन गोळ्या सुटल्या. चौथी अडकली. आतली मशीनगन आणखी सात-आठ मिनिटं चालली.

चौकशी झाली. अॅम्युनिशन जुनं होतं, असं लिहिलं गेलं. मला एकच विचारलं, "हत्यार तपासलं होतं?" मी म्हणालो, "जी, साहेब." खोटं नव्हतं ते. पंधरा वर्षं मी त्या कागदावर विश्वास ठेवला.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी रे मला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. गोळ्यांचं कोरं खोकं काउंटरवर माझ्यासमोर फोडलं. पंधरा यार्डांवर कागद लावला. एक, दोन, तीन. चौथ्याला ट्रिगर मेला. स्लाइड अर्धवट उघडी, गोळीचं नाक वर, तिरकी अडकलेली.

रे गोळ्यांना दोष देत म्हणाला, "बॅड अॅमो, मॅन."

"नाही," मी म्हणालो. "नवं मॅगझिन मिळेल इथे?"

मिळालं. त्याच खोक्यातल्या तेरा गोळ्या भरल्या. तेराही सुटल्या. मग मी दुरुस्त केलेलं परत लावलं. या वेळी तिसरीला अडकलं. पुन्हा कडा वळवल्या, पुन्हा भरलं. पाचवीला अडकलं. हाताने सावकाश ओढलं की ते चालायचं. फायरच्या झटक्याने कडा परत फाकायच्या. वाकवलेला पत्रा टिकत नाही, हे लेथवरचं शिकाऊ पोरही सांगेल.

मी पिस्तूल बाकावर ठेवलं.

"यू ओके?" रेने विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला माहीत नव्हतं."

"नियम माहीत होता," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात पिस्तूल दुकानात परत नेऊन दिलं. मग कर्णिक साहेबांच्या वडिलांना पत्र लिहिलं. साहेबांचं सामान मी बांधून पाठवलं होतं, तेव्हा त्यांनी मला आभाराचं कार्ड धाडलं होतं. त्यावरचा नागपूरचा पत्ता माझ्याकडे होता. पत्रात काही लपवलं नाही. बायको म्हणाली, "आता सांगून काय मिळणार?" तरी टाकलं.

जानेवारीत एरोग्राम आलं. साहेबांच्या बहिणीचं. "बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. आई आहे. गोळ्या जुन्या होत्या, यात कुणाचा दोष नाही, हे तिने स्वतःला फार कष्टाने समजावलंय. तुमचं पत्र मी जाळलं. कृपा करून पुन्हा लिहू नका."

मी पुन्हा लिहिलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे. सगळी नावं बदलली आहेत.

त्या सकाळी त्या बंकरसमोर तिघे गेले. कॅप्टन अरविंद कर्णिक, वय सव्वीस. लान्स नायक शिवाजी भोईटे, ती मशीनगन चालू असताना साहेबांना ओढून आणायला पुढे झाला. घरी महिन्याची मुलगी होती, त्याने पाहिली नव्हती. शिपाई बाबू कांबळे, भोईटेच्या मागून गेला. पलटणीत त्याच्याइतकं सुंदर अक्षर कुणाचं नव्हतं, सगळ्यांची पत्रं तोच लिहायचा. चौकशीच्या कागदात भोईटे आणि कांबळे यांच्यापुढे फक्त 'शत्रूच्या गोळीबारात' एवढंच आहे. ते पुरेसं नाही.