जपानी हॉटेलातली दुसरी वाटी

हॉटेल काढलं की पैसा साठतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आठवडाभर आमच्या गल्ल्यावर येऊन बसावं. पैसा येतो आणि आल्या पावली कोंबडीवाल्याकडे, गॅसवाल्याकडे, घरमालकाकडे निघून जातो. साठतात ते किस्से! त्यांना फ्रीज लागत नाही, भाडं लागत नाही. कुठल्याही लग्नात गेलं की नातेवाईक मला कोपऱ्यात घेतात, "काय म्हणतंय जपान?" म्हणून विचारतात, आणि मीही फार आढेवेढे न घेता सुरू होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोल्हापुरात, राजारामपुरीत एका दाताच्या दवाखान्याच्या खाली आमचं जपानी हॉटेल आहे. आमचं म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, अजितचं. तो बरीच वर्षं जपानात एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला होता. मी इथे शेजारच्याच क्लासमध्ये गणित शिकवत होते. परत आल्यावर म्हणाला, "अक्का, सैपाक मी बघतो, गल्ला तू बघ." बसले गल्ल्यावर. टेबलं बघायला उचगावच्या सुवर्णाताई. त्या आधी मटणाच्या खानावळीत वाढायच्या, त्यामुळे त्यांचा आवाज वर दाताच्या खुर्चीपर्यंत जातो.

राहिले आमचे आबा. ते शिरोळला असतात, शेती बघतात. गावात कुणाचंही लग्न असो, जत्रा असो, नाहीतर पुराच्या वेळची छावणी असो, पंगतीत रस्स्याची बादली आबांच्या हातात! कुणाची वाटी रिकामी झाली ते त्यांना पंगतीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. अजितनं हॉटेल काढतोय असं सांगितलं तेव्हा ते एकच वाक्य बोलले, "अन्न वाढायचं असतंय, इकायचं नसतंय."

मी म्हटलं, "आबा, आपण ऊस विकतोच की!"

"ऊस इकतो. ताट न्हाय."

त्यानंतर त्यांनी आमच्या हॉटेलात पाणीसुद्धा घेतलं नाही. अजित हे हसण्यावारी न्यायचा, पण त्याला ते फार लागलं होतं. परदेशातल्या साहेबांनी त्याचा रस्सा वाखाणला होता, आणि बापानं चव घेतली नव्हती.

*

पहिल्याच दिवशीचा किस्सा. अजितनं रामेन केलं होतं. म्हणजे कोंबडीची हाडं दिवसभर उकळून काढलेला पांढरट रस्सा, त्यात शेवया, वर अर्धं अंडं, कांद्याची पात. त्याचं भांडं चांगलं मोठं असतं, पण आमच्याकडे सगळे त्याला वाटीच म्हणतात.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक गृहस्थ, बायको आणि दोन पोरं. गृहस्थांनी वाटीत डोकावून बघितलं, वास घेतला आणि बायकोला म्हणाले, "ह्यो आपला पांढरा रस्साच हाय की! जपान जपान म्हणून उगंच घाबरत होतीस."

मग सुवर्णाताईंना विचारलं, "तांबडा कुठाय?"

सुवर्णाताई क्षणभरही अडल्या नाहीत. "पावणं, तांबडा अजून इमानात हाय."

*

तेच गृहस्थ. शेवया तशाच ठेवून त्यांनी रस्सा आधी संपवला आणि वाटी पुढे सरकवली. बोलले काही नाहीत. आमच्या गावात रस्सा मागायचा नसतो. वाटी पुढे सरकवायची, की वाढणाऱ्यानं समजून घ्यायचं. जेवण होईपर्यंत रस्सा संपत नाही, ही इथली रीतच आहे.

अजित इतकी वर्षं बाहेर राहिलेला. तो किचनमधून आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, एक्स्ट्रा सूपला एक्स्ट्रा चार्ज आहे."

गृहस्थांनी वाटी मागे घेतली. ना राग, ना भांडण. बायकोकडे बघून एवढंच म्हणाले, "चला. मला वाटलं, आपण जेवायला आलोय."

ते गेल्यावर अजितनं ते टेबल स्वतःच पुसून काढलं. भाऊ असा खाली मान घालून कामाला लागला की त्याच्या वाटेला जाऊ नये, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नेहमीपेक्षा मोठं पातेलं गॅसवर चढवलं आणि आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, "आजपासून नियम. पहिली वाटी इकायची, दुसरी वाढायची. दुसरीचं बिल न्हाय. आन गिऱ्हाईकानं मागायच्या आत वाढायची."

मी गल्ल्यावरची बाई, मला घाम फुटला. पण 'वाढायची' हा शब्द त्यानं कुणासाठी उचलला होता ते मला कळलं, म्हणून हिशोबाच्या वहीत खर्चाचा एक रकाना वाढवला.

*

एक पैलवान आले होते. सोबत तालमीतले दोन दोस्त. सुशीचा, म्हणजे मासा नि भाताच्या घासाएवढ्या तुकड्यांचा ट्रे समोर आला. पैलवानांनी एकेक तुकडा उचलून तोंडात टाकला. ट्रे संपला. दुसरा मागवला, तो संपला. तिसराही संपला. मग हात पुसून अगदी आदबीनं सुवर्णाताईंना म्हणाले, "ताई, टेस्ट बघितली. चांगली हाय. आता जेवायला वाढा!"

*

जपानात गिऱ्हाईक आलं की सगळा स्टाफ एका सुरात ओरडून स्वागत करतो आणि कमरेत वाकतो. अजितनं आमच्याकडेही ते सुरू केलं. सुवर्णाताई ओरडल्या की रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा वळून बघायचे!

एकदा एक आजी नातवंडांबरोबर आल्या. अजित दारातच होता. तो वाकला. आजींना वाटलं, पोरगं पाया पडतंय. त्यांनी लगेच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "औक्षवंत हो बाळा. लगीन झालं का?"

अजित तसाच वाकलेला. "न्हाय आजी."

"व्हईल, व्हईल. हातात अन्नपूर्णा हाय तुझ्या. घरची खूश असतील न्हवं?"

अजित नुसतं "व्हय" म्हणाला आणि आत गेला. मी मागोमाग गेले, तर हा कांदा चिरत उभा. मला म्हणतो, "कांदा लई तिखट हाय आज."

आमच्याकडे कांदा चिरायला वेगळा माणूस आहे.

*

हॉटेल सजवताना अजितनं बुद्धाची एक सुरेख दगडी मूर्ती आणली होती. बाहेरच्या हॉटेलांत त्यानं अशा मूर्ती दारापाशी बघितल्या होत्या, म्हणून आम्हीही ती दारापाशी ठेवली. खाली चपलांचा रॅक. शोभा म्हणून ठेवली, एवढाच विचार.

शाळेत मला शिकवलेल्या कांबळे बाई एकदा मुलासुनेला घेऊन आल्या. आमच्याकडे गादीवर मांडी घालून बसायची सोय आहे, त्यामुळे चपला दारात काढतात. बाईंनी चपला काढल्या, मूर्तीकडे बघितलं, हात जोडले. मग खाली वाकून रॅकमधल्या चपला एकेक करून भिंतीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवायला लागल्या. स्वतःच्या नव्हे, सगळ्यांच्या!

मी गल्ला सोडून धावले. "बाई, अहो हे काय? मला सांगायचं, मी मूर्ती हलवली असती."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मूर्ती जड असेल गं. चपला हलक्या आहेत."

मला वर्गात उभं केल्यासारखं झालं. त्याच दुपारी रॅक बाहेर गेला आणि मूर्तीला आतल्या भिंतीवर उंच, चांगली जागा झाली. आता पौर्णिमेला बाई फुलं घेऊन येतात. रामेन नंतर खातात.

*

आमच्याकडे पोरगी बघायचे कार्यक्रमही होतात. घरी नको, मंगल कार्यालयात नको, हॉटेलात कसं, जमलं नाही तरी कुणाला कळत नाही. एकदा असेच दोन्हीकडचे लोक बसले होते. मोठी माणसं उसाच्या दरावर घसरलेली. मुलगा मुंबईला नोकरीला, आणि त्यानं ठरवून ठेवलेलं की आपण जपानी काड्यांनीच खायचं. शेवया उचलायच्या आणि परत वाटीत पडायच्या. तिसऱ्यांदा पडल्या तेव्हा शर्टावर शिंतोडे उडाले. मुलगा कानापर्यंत लाल.

मुलीनं काड्या बाजूला ठेवल्या. तिला त्या छान जमत होत्या, मी मघापासून बघत होते. तिनं सुवर्णाताईंना हाक मारली. "मावशी, मलाबी हे जमत न्हाय बघा. दोन चमचे द्या."

सुवर्णाताई चमचे घ्यायला माझ्याकडे आल्या आणि कानात म्हणाल्या, "जमलं."

लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो.

*

आता आबा. त्यांनी हॉटेलात पाय ठेवला नाही, पण दर रविवारी शेतातली भाजी मात्र त्यांनीच पोचवायची. कांद्याची पात, कोबी, मुळा. एसटीनं यायचे आणि मागच्या दाराशी पोतं ठेवायचे. त्यांची चप्पल करकर वाजणारी, त्यामुळे आधी आवाज यायचा. आवाज आला की अजित गॅस बारीक करून मागच्या दाराकडे जायचा. दोघांचं बोलणं ठरलेलं.

"आबा, आत या की. जेवून जावा."

"घरनं खाऊन आलोय."

"मग च्या?"

"झालाय."

भाजीचे पैसे विचारायची कुणाची छाती नव्हती. मी एकदा म्हटलं होतं, "आबा, तुमचीच पात घालून तो रस्सा करतो. तो चालत नाही, आणि पात दिलेली चालते?" तर म्हणाले, "पात मी देतोय. इकत न्हाय." आता ह्या माणसाशी वाद कसा घालायचा!

मग मागच्या महिन्यात शिरोळहून आबांचे दोस्त, तुकाराम अण्णा, नातीच्या ॲडमिशनसाठी कोल्हापुरात आले आणि आमच्याकडे जेवले. त्यांची पहिली वाटी अर्धी व्हायच्या आत सुवर्णाताईंनी दुसरी वाढली. अण्णांनी हात आडवा धरला. "बाई, मी मागितलं न्हाय."

सुवर्णाताई म्हणाल्या, "पावणं, आमच्यात पहिली इकत्यात आन दुसरी वाढत्यात. मालकाचा नेम हाय. घ्या."

अण्णा अजितकडे बघत राहिले. जाताना मला म्हणाले, "तुझा भाऊ वाढतोय गं. बापाचा हात हाय त्येचा." आणि गावी जाऊन त्यांनी ते पारावर सगळ्यांसमोर सांगितलं. आबाही तिथेच बसलेले होते म्हणे. ऐकून घेतलं, धोतर झटकलं आणि उठून गेले.

पुढच्या रविवारी दुपारी हॉटेल भरलेलं होतं. मागच्या दाराला भाजी आली नव्हती, आणि अजितचं लक्ष सारखं तिकडे. तेवढ्यात करकर आवाज आला. पण पुढच्या दारातून!

सवयीनं सगळा स्टाफ एका सुरात ओरडला. आबा दारातच थबकले. "बहिरा न्हाय मी," म्हणाले. भाजीचं पोतं माझ्या गल्ल्यापाशी ठेवलं. चप्पल बाहेर काढली आणि गादीवर जाऊन मांडी घालून बसले, भिंतीला टेकून, पंगतीत बसावं तसे. सुवर्णाताईंनी मेनूकार्ड ठेवलं. आबांनी ते एका बोटानं बाजूला सरकवलं.

अजित स्वतः वाटी घेऊन बाहेर आला. त्यानं वाटी आबांच्या पुढ्यात ठेवली आणि वाकून उभा राहिला. जपानी वाकला की मराठी वाकला, मला सांगता यायचं नाही.

आबांनी वाटीकडे बघितलं. शेवया, अर्धं अंडं, वर त्यांचीच कांद्याची पात. हात मात्र मांडीवरच राहिला.

"ही कितवी?"

अजितला कळेना. "म्हंजे, आबा?"

"पहिली का दुसरी?"

"पहिली."

आबांनी वाटी उचलली आणि अजितच्या हातात परत दिली.

"मग ती न्हे माघारी. मला दुसरी वाढ."