रांगेतली पहिली जागा

पांढुर्णा जिल्हा झाला आणि आमच्या संत्र्याच्या शेठला वाटायला लागलं, की जिल्हा म्हटल्यावर त्याची एक कबड्डीची टीमही पाहिजे. गावातल्या पाट्यांवर 'जिल्हा' हा शब्द रंगवून व्हायचा होता, तोवर शेठनं आमच्या जर्सीवर तो छापूनसुद्धा आणला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

त्याआधी आम्ही नारळासाठी आणि ढालीसाठी खेळणारे गडी. शेठनं आम्हाला दसऱ्यापासून होळीपर्यंतचा पगार लावला. घरचे लोक पोट धरून हसले. आम्ही मात्र स्वतःला प्रोफेशनल म्हणवून घ्यायला लागलो. प्रोफेशनल म्हणजे काय, तर सकाळी ज्या पिकअपमधून संत्र्याचे कॅरेट मंडीत जायचे, तिच्यातच बसून आम्ही दुपारी काटोल, नरखेड, वरुड, मुलताई करायचो. आमच्या अंगाला मातीपेक्षा संत्र्याचा वास जास्त यायचा. समोरच्या टीमचे पोट्टे नाक धरून दाखवायचे.

मी डाव्या कोपऱ्यावर खेळायचो. कोपऱ्यावरच्या माणसाचं काम एकच, आत आलेल्याचा पाय धरायचा आणि सोडायचा नाही. स्वभावानंही मी तसाच आहे, असं बायको म्हणते. चढाई करणारा, म्हणजे आमचा रेडर, माझा लहानपणापासूनचा मित्र होता. नदीपलीकडे सावरगावात राहायचा. 'कबड्डी कबड्डी'चा त्याचा दम नाकातून यायचा, एका सुरात, आणि सूर शेवटी थोडासा वर जायचा. डोळे मिटले तरी आत कोण गेलंय ते कळायचं.

त्याची आई त्याचा एकही सामना पाहायला आली नाही. कारण एका शब्दाचं होतं. आमच्याकडे कबड्डीत बाद झालेल्या गड्याला 'मेला' म्हणतात. गडी मेला, की तो मैदानाबाहेर रेषेलगत रांगेत जाऊन बसतो. मग समोरच्याचा एक गडी मारला, की आपला एक 'जिवंत' होतो आणि उठून आत येतो. जो आधी मेला तो आधी उठतो. हे नियम आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तिला वाटायचं.

"माह्या पोराले हजार माणूस मेला मेला म्हणते, अन मी तिथं बसून टाळ्या वाजवू काय?" ती म्हणायची. "तुमचा खेळ तुमाइले लखलाभ."

आम्ही तिची खूप थट्टा करायचो. तोही करायचा. घरात शिरताना ओरडायचा, "माय, आज तीनदा मेलो वो!" आणि ती हातात असेल ते फेकून मारायची.

पहिला सीझन बरा गेला. दुसरा सुरू व्हायच्या आधी, पावसाळ्यात, बागेतली मोटर सुरू करताना त्याला शॉक लागला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. एवढंच सांगतो की दिवसकार्य झाल्यावर मी रोज संध्याकाळी मावशीकडे, म्हणजे त्याच्या आईकडे, जाऊन बसायला लागलो. ती चहा करायची आणि एकच गोष्ट बोलायची.

"साऱ्याइचे मेलेले सपनात येते. शेजारणीचा सासरा येते, ज्याचं कोनासंग पटलं नाही, थो बी येते. माहा पोरगा काहून येत नाही रे बाबू? मी काय वाईट केलं त्याचं?"

"येईन नं थो, मावशी," मी म्हणायचो. यापेक्षा शहाणं काही मला सुचलं नाही. उशाशी त्याचा टॉवेल ठेवून पाहिला, त्याच्या आवडीचं करून ताट वाढून पाहिलं. तो काही आला नाही. दसरा जवळ आला तेव्हा तिचे डोळे पार आत गेले होते. तिला दुसरं काहीच नको होतं. एकदा डोळ्यांसमोर येऊन उभा राहावा, बस.

शेठनं नरखेडहून नवा रेडर आणला. पोरगा गुणी होता, पण मला पहिल्या दिवशीच आवडला नाही. त्याच्या चपला आमच्या चपलांशेजारी पाहिल्या तरी माझं डोकं फिरायचं.

पहिला सामना रामाकोन्याला होता. आमचा उजवा कोपरा सगळ्यात आधी मेला आणि बाहेर जाऊन बसला. बसला तो रांगेतली पहिली जागा सोडून, एका माणसाचं अंतर ठेवून. मागून मी मेलो. मी त्याच्या पलीकडे बसलो. कुणी कुणाला काही विचारलं नाही. त्या मोकळ्या जागेत चुन्याची रेघ आणि वाळलेलं गवत, एवढंच होतं. पण तिच्यावरून नजर फिरली की माझ्या अंगावर काटा यायचा, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. आपल्यात जो आधी मेला तो तिथं बसला होता.

त्या दिवसापासून ती जागा आम्ही कुठेच भरली नाही. काटोलला नाही, वरुडला नाही. एका पंचानं हटकलं, "सरकून बसा न बे." आम्ही सरकल्यासारखं केलं आणि जागा सोडलीच. पुढेपुढे सामना सुरू असताना मला वाटायला लागलं, की माझ्या उजवीकडून कुणीतरी श्वास घेतंय. पिकअपमध्येही एक कॅरेट उलटं घालून आम्ही मोकळं ठेवायचो. ड्रायव्हरनं त्याच्यावर डबा ठेवला तर कर्णधारानं त्याला असं झापलं, की तो बिचारा मुलताईपर्यंत डबा मांडीवर घेऊन बसला.

आणि आम्ही जिंकत सुटलो. पौषाच्या थंडीत एका सामन्यात नवा रेडर चढाईला गेला, आणि त्याचा दम ऐकून मी जागच्या जागी थिजलो. नाकातून, एका सुरात, शेवटी थोडा वर. या पोरानं माझ्या मित्राला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. मी कर्णधाराकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता, पण त्याचा रंग उडाला होता. मॅच संपल्यावर मी त्या पोराला विचारलं, हा दम कुठून आणलास?

"मालूम नाही भाऊ," तो म्हणाला. "आपोआप होऊन राहिलं."

मला भीती वाटली नाही. उलट अधाशासारखं झालं. वाटलं, टीम चालू राहिली तर हाही राहील. म्हणून शेठ जेव्हा म्हणाले, की पुढच्या साली टीम ठेवायची की मोडायची ते सौंसरच्या सेमीफायनलवर ठरवू, तेव्हा मी जीव तोडून तयारीला लागलो.

पण त्याआधी नव्या रेडरनं घोळ केला. आपण ज्याच्या जागी खेळतो त्याच्या आईच्या पाया पडावं, म्हणून तो सावरगावला गेला. पाया पडला, चहा प्यायला, आणि सांगू नये ते सगळं सांगून आला. पहिली जागा, उलटं कॅरेट, आपोआप होणारा दम, सगळं. भोळ्याच्या तोंडाला कुलूप नसतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा मावशी ओसरीत उभीच होती.

"खरं हाय काय?"

मी मान हलवली.

"दसऱ्यापासून?"

"हो मावशी."

ती उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "जो आधी मेला थो आधी उठते, असंच हाय नं तुमचं?"

"असंच हाय."

"मले सौंसरले घेऊन चाल."

मला वाटलं, शेवटी बाईचं मन वळलं, लेक जिथं खेळला ती माती पाहावी वाटली. मी खूश झालो. तिला पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवलं, मैदानावर आमच्या रांगेच्या मागेच सतरंजी अंथरून दिली. कर्णधारानं सगळ्यांना बजावलं, आज तो शब्द कुणी काढायचा नाही, 'आउट' म्हणायचं. आम्ही पाळलं. पण अख्ख्या सौंसरला कोण बजावणार? पहिलाच गडी बाद झाला आणि मैदान गरजलं, "मेलाऽऽ!" मी मागे वळून पाहिलं. ती मांडीवर हात ठेवून शांत बसली होती. ती खेळ पाहतच नव्हती. आमच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहत होती.

सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. अगदी शेवटाला गुण बरोबरीत होते. बाहेर आम्ही तिघं बसलो होतो, आधी उजवा कोपरा, मग मी, मग कर्णधार. नवा रेडर चढाईला गेला आणि समोरच्याला शिवून आला. पंचानं शिटी मारली, हात वर केला आणि आमच्याकडे पाहून म्हणाला, "एक जिवंत!"

उजवा कोपरा उठायला हवा होता. इतके महिने तोच, किंवा जो कुणी त्या मोकळ्या जागेनंतर पहिला असेल तोच, मुकाट उठत आला होता. त्यानं गुडघ्यावर हात टेकवलासुद्धा. तेवढ्यात मागून आवाज आला. मोठा नाही, शाळेला उशीर झालेल्या पोराला उठवावं तसा.

"ऊठ बाबू. चाल घरी."

उजवा कोपरा होता तिथंच राहिला. मीही राहिलो, कर्णधारही. तिघंही त्या मोकळ्या जागेकडे बघत होतो. पंच ओरडला, शेठ ओरडले, आमचेच लोक शिव्या द्यायला लागले. जिवंत झालेल्या गड्यानं लगेच आत यावं लागतं, नाही आला तर गुण समोरच्याला. तो गुण गेला आणि पुन्हा बरोबरी झाली. पुढच्या चढाईत त्यांनी आमचा एक मारला आणि वेळ संपली.

"काहून नाही उठला बे तू?" कर्णधारानं नंतर विचारलं. खरं म्हणजे त्याला विचारायचा काही अधिकार नव्हता.

"तिनं मले थोडीच म्हटलं होतं," उजवा कोपरा म्हणाला आणि चेहरा झाकून रडायला लागला.

मावशीनं आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. सतरंजीची घडी केली आणि बसस्टँडचा रस्ता धरला. मी मागे पळालो, पिकअपनं चला म्हणालो.

"तुमच्या गाडीत नाही," ती म्हणाली. "इतके दिवस तुमीच नेत होते त्याले. मी घरी दार उघडं ठेवून बसली होती."

पदराखाली तिचा एक हात थोडा बाजूला धरलेला होता, गर्दीत लहान मुलाचं बोट धरतात तसा. मी पुढे गेलो नाही. माझी हिंमत झाली नाही.

शेठनं टीम मोडली. जर्सी परत घेतल्या, त्या आता मंडीत हमाल घालतात. मी सौंसरलाच एका शाळेत खेळ शिकवतो. पोरांना कबड्डीही शिकवतो, पण माझ्या उजवीकडे आता कुणी श्वास घेत नाही. नवा रेडर नरखेडला परत गेला. एकदा मुद्दाम त्याचा सामना पाहायला गेलो, तर त्याचा दम साधाच होता, कुणाही पोराचा असतो तसा.

होळीनंतर धीर करून सावरगावला गेलो. मावशीचा चेहरा भरला होता. तिनं नेहमीसारखा चहा दिला. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि मग विचारलं, "आला काय?"

"आला नं," ती म्हणाली. "आता येतच राहते. जेवते, झोपते. कधी कधी माह्या मांडीवर डोकं ठेवते."

"काही बोलते काय? आमच्याबद्दल?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला माझी दया आली असावी, कारण तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"नाही रे बाबू," ती म्हणाली. "तुमचं नावबी नाही काढत."

मी चहा तसाच ठेवून उठलो. पुलापर्यंत चालत आलो आणि तिथं कठड्याला धरून उभा राहिलो. मला त्याचा राग आला होता. तो जिवंत असताना कधी आला नव्हता इतका.