भट्टी न लागणारा केक

ही हकिकत लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. मावळावर तसं पुष्कळ लिहिलं, लेण्यांवर, किल्ल्यांवर, तिथल्या तांदळाच्या वासावरही. पण एका बशीपाशी आलो की दर वेळी वळसा घालून पुढे गेलो.

तळेगावात मी शाळेत शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. गणपतीत आरतीनंतर शेजारच्या कुसुमताईंनी एक नवाच पदार्थ आणला. बिस्किटांचा चुरा, कोको, लोणी आणि दूध एकत्र मळायचं, गुंडाळी करून गार करायची आणि चकत्या कापायच्या. त्या त्याला 'केक' म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. त्यांची जाऊ शांता गावाहून आली होती. तिनं मला विचारलं, यात अंडं असतं का हो? मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही असं म्हणायची मास्तराला सवय नसते.

"केक म्हटला की अंडं आलंच," मी म्हणालो.

भराभर बशा खाली ठेवल्या गेल्या. कुसुमताई बाहेर आल्या तेव्हा शांताच्या तोंडी 'अंडं' हा शब्द होता. ठपका तिच्यावर बसला, आणि दोघी जावांचं बोलणं तुटलं. नंतर स्वयंपाकघरात कुसुमताईंनी मला कृती सांगितली. अंड्याचा पत्ताच नव्हता. मी दोन चकत्या खाल्ल्या, पदार्थाची तारीफ केली आणि घरी गेलो.

या हिवाळ्यात माझी सून सुजाता हे सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, चला, दोघींकडे जाऊन येऊ. गाडी काढते."

पुण्याहून सकाळी निघालो. सोमाटण्याला चहाला थांबलो, तिथल्या बेकरीत नेमका तोच पदार्थ होता, खोबऱ्याच्या किसात घोळवलेला. वर पाटी: 'बिनअंड्याची चॉकलेट वडी'. माझा चेहरा पडलेला पाहून सुजाता म्हणाली, "सगळीकडेच लिहितात असं. तुम्ही काही एवढे मोठे नाही." मला जरा हलकं वाटलं. वडी मात्र फारच गोड होती.

कामशेतहून आत वळलो. दोन्हीकडे खाचरं (बांध घातलेले भाताचे तुकडे) कापणी होऊन मोकळी पडलेली, मधूनमधून पेंढा रचलेला, आणि लांबवर धरणाचं पाणी चमकत होतं. ते लांबच राहायला हवं होतं. पण मोबाइलच्या नकाशानं आम्हाला थेट काठावर नेऊन सोडलं. तिथे म्हशी धूत असलेल्या माणसानं शांतपणे विचारलं, "गाडी बी धुवायची हाय का?" मग त्यानंच वडिवळ्याची, म्हणजे शांताबाईंच्या गावाची, वाट दाखवली.

शांताबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. गप्पांत चॉकलेटचा विषय मीच काढला, तर त्या आत जाऊन लाडवांची ताटली घेऊन आल्या. बिस्किटं, कोको आणि वर कुरमुरे. नुसती बिस्किटं दाताला चिकटतात, म्हणून कुरमुरे. आणि गुंडाळी जमत नाही, म्हणून लाडू. नातवंडांना दुसरं काही नको असतं म्हणे.

मी विचारलं, "शांताबाई, तो गणपतीतला केक आठवतो?"

"न आठवाया काय झालं? तुमीच म्हनालता, अंडं आलंच. मी निस्तं इचारलं."

"मग जावेला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. पर मास्तर असं कशाला म्हनतील, म्हनाली ती." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. लाडवांचा डबा भरून त्यांनी माझ्या हातात दिला. "लोनावळ्याला निघालायसा न्हवं? तिला द्या. आन जमलं तर तेवढं सांगा."

घाट चढायच्या आधीच हवा गार झाली. कुसुमताई आता लोणावळ्यात असतात, घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या. कुसुमताईंनी आमच्यापुढे चकत्या ठेवल्या, त्यात चिक्कीचा चुरा होता. कुरकुर वाजणारा, खमंग. मग त्या शेजारणींना म्हणाल्या, "हे आमचे मास्तर. माझा पहिला केक सगळ्यांनी टाकला, ह्या एकट्यांनी खाल्ला."

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. मी डबा पुढे केला आणि वडिवळ्याहून आणलाय एवढंच बोललो. कुसुमताईंनी लाडू फोडला.

"कुरमुरे! हे तिलाच सुचायचं." त्या हसल्या, दुसराही लाडू घेतला. मग डब्याचं झाकण लावत हळूच म्हणाल्या, "हात गोड आहे तिचा. तेवढं एक बोलायला नको होतं."

बोलायची हीच वेळ होती. शब्दही जुळवून ठेवले होते. मी तोंडातला घास गिळला आणि म्हणालो, "चिक्कीचा चुरा छान लागतोय."

परतताना कामशेतचा फाटा आला तशी सुजातानं गाडी हळू केली, लोणावळ्याला मागे फिरायचं का म्हणाली. मी नको म्हटलं. इतक्या वर्षांत मला कोणी लबाड म्हटलं नाही, आणि त्या गल्लीत तर मी चांगला माणूस आहे. तो मान सोडवेना, एवढंच खरं. दोघी म्हाताऱ्या झाल्या. एकमेकींच्या हातचं खायला अजून तयार आहेत. मध्ये फक्त माझं एक वाक्य आहे.

लिहिलेलं सगळं सुजाता आधी वाचते. हे वाचून ती काय करेल याचा मला अंदाज आहे, आणि मी तिला अडवणार नाही. कुसुमताई, तुमच्या जावेनं काही म्हटलं नव्हतं. ते मी म्हणालो, माहीत नसताना म्हणालो, आणि माहीत झाल्यावर गप्प बसलो. मला माफ करा.