वेंगुर्ल्याला पळायला, की पळत?

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. आतून माझी बायको सुंद्रा बाहेर आली की तीच सांगायला बसेल, आणि तिनं सांगितलं की माझी उरलीसुरली अब्रूही जाते. चूक माझी एकट्याची होती. माझी म्हणजे माझ्या जिभेची. पाय बिचारे निर्दोष होते, पण भोगलं त्यांनीच.

तेव्हा मी बेळगावच्या शहापुरात मागावर बसायचो, लुगडी विणायचो. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्या माणसाला पळायचं वेड कसं लागलं म्हणाल, तर त्याला कारण आमच्या गल्लीतले हवालदार आप्पा. पलटणीतून पेन्शनीत आलेला माणूस. हुकूम सोडायची सवय गेलेली नव्हती आणि ऐकायला घरी कुणी नव्हतं. मग मी सापडलो. रोज पहाटे ते मला येळ्ळूरच्या गडाकडं पळवत न्यायचे, स्वतः सायकलवर. गडाचा चढ लागला की ते खाली बसून विडी ओढायचे आणि मी वर जाऊन यायचो. सहा महिन्यांत छातीत दम आला, पण गुडघे कुरकुरायला लागले.

एक दिवस आप्पा एक छापील कागद घेऊन आले. वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्रकाठी, वाळूवर सव्वीस मैलांची शर्यत होती. दोन निशाणांमध्ये जा-ये करायची. ओहोटी लागली की सुटायचं आणि भरतीच्या आत संपवायचं.

"गणपा," आप्पा म्हणाले, "चढ न्हाई, उतार न्हाई. परातीसारखं सपाट. तिथं तुला कोन गाठतंय रं?"

समुद्र मी कधी बघितला नव्हता. परात बघितली होती. मी तयार झालो.

असल्या शर्यतीला मॅरॅथॉन म्हणतात, हे आप्पांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. आता आमची गल्ली विणकरांची, थान म्हटलं की कापडाचंच डोळ्यांपुढं येणार. हे मऱ्याथान किती वाराचं असतं, असं मला तिघांनी तरी विचारलं. एकानं तर रंग पक्का आहे का तेही विचारलं.

बेत आप्पांनी पलटणीच्या शिस्तीत आखला. सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं बेळगाव सोडायचं, आंबोलीचा घाट उतरून दिवस मावळायच्या सुमाराला वेंगुर्ल्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यत. मोटारीत पाय हलवायचे नाहीत, घाटात बाहेर बघायचं नाही. आप्पा स्वतः येणार नव्हते, कारण गोळीबारात न हललेल्या या माणसाला मोटार लागायची. म्हणून सोबतीला सुंद्रा. तिलाही समुद्र बघायचा होता.

आता एकच काम उरलं होतं, नेमण्णांना विचारायचं.

नेमण्णांचं खडेबाजारात लुगड्यांचं दुकान. मूळचे चिकोडीकडचे जैन. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि दोन्ही सारखंच गोड. लहानपणी आजारात त्यांचा एक पाय अधू झाला होता, काठी घेऊन चालायचे. त्यांच्या गिऱ्हाइकाचं लग्नाचं लुगडं माझ्या मागावर होतं. ते चार दिवस उशिरा दिलं तर चालेल का, एवढंच मला विचारायचं होतं. सरळ मराठीत विचारलं असतं तर आज तुम्हाला नुसता चहा मिळाला असता. पण मला वाटलं, त्यांच्या भाषेत बोललो तर खूष होतील. माझं कानडी म्हणजे बाजारात ऐकून ऐकून गोळा केलेलं, त्यातलं निम्मं भाजीवाल्यांचं.

मी हात जोडून म्हणालो, "अण्णा, वेंगुर्ल्याक ओडकोंत होंटेनिरी."

नेमण्णांच्या हातातली घडी हातातच राहिली.

"ओडकोंत?"

"हौदरी," मी छाती काढून म्हणालो, "ओडकोंत."

कानडी जाणणारे आत्ताच हसले असतील. बाकीच्यांसाठी सांगतो. 'हौदरी' म्हणजे होय, 'ओडाक' म्हणजे पळायला, आणि 'ओडकोंत' म्हणजे पळत. मला सांगायचं होतं, वेंगुर्ल्याला पळायला निघालोय. मी सांगितलं, वेंगुर्ल्याला पळत निघालोय. पाऊणशे मैल, मधे आंबोलीचा घाट, आणि वर ती शर्यत, तिचं तर बाजारभर झालंच होतं.

नेमण्णा गादीवरून उठले, काठी टेकत बाहेर आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. लुगड्याची काळजी करू नकोस म्हणाले, लग्नवाल्यांना मी बघतो. मला वाटलं, बघा, भाषेची जादू.

त्यानंतर चार-पाच दिवसांत माझ्या आजूबाजूला काहीतरी बदललं. लोक बोलताना माझ्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघायला लागले. वडगावचे दोन विणकर मला नुसतं बघायला आले, बसले, बघितलं आणि गेले. देवळात पुजाऱ्यानं मला आधी वाट दिली. मी समजलो, मॅरॅथॉनचा मान असा असतो.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी नेमण्णा स्वतः आमच्या दारात आले. खडेबाजारापासून शहापुरापर्यंत, त्या पायानं. बरोबर लिंबं, गुळाची ढेप आणि एक नवा कोरा पंचा. घाम पुसत त्यांनी सांगितलं की वाटेवर जिथं जिथं त्यांची गिऱ्हाइकं आहेत त्या प्रत्येक गावाला निरोप गेला आहे. हिंडलग्यात पाणी, सुळग्यात गूळ, शिनोळीत ताक. घाटाच्या तोंडाला एक माणूस तेल घेऊन पाय चोळायला उभा राहील.

पाय चोळायला? घाटाच्या तोंडाला?

"अण्णा," मी म्हणालो, "ती मोटार..."

"मोटारीचं नाव काढू नगंस. मोटारीतनं काय, मीबी जाईन."

मग ते स्वतःच्या पायाकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "सात वर्साचा व्हतो तवा ह्यो पाय गेला. पळनं म्हंजे काय ते आता आठवतबी न्हाई बघ. उद्या तू रस्त्याला असशील तवा मी दुकानात बसून मनानं तुज्यासंगं येनार हाय."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं की मी सीट सांगून ठेवली आहे, तीही खिडकीची?

मी म्हणालो, "व्हय, अण्णा."

ते गेल्यावर सुंद्रा आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं एवढंच सांगितलं की आत्ता मागं जा आणि खरं सांगून ये, उद्या जड जाईल. ती बरोबर होती. मी आप्पांकडं गेलो. आप्पांनी तोड काढली ती अशी: गावातून थाटात पळत निघायचं, हिंडलगं ओलांडायचं, पुढं माळ लागला की मागून येणाऱ्या मोटारीत चढायचं. सुंद्रा सामान घेऊन आधीच आत बसलेली असेल. तीन-चार मैलांचा प्रश्न, त्यानं काय होतंय?

सकाळी गल्लीनं मला ओवाळलं. नेमण्णा नाक्यापर्यंत टांग्यातून आले होते. मी पळत सुटलो. मागं वळून बघितलं तर ते टांग्यात उभं राहायचा प्रयत्न करत होते.

हिंडलग्यात हलगी लावून लोक उभे होते. पाणी प्यालो, पळालो. गाव मागं पडलं, माळ लागला, मोटार आली. मी हात वर करणार एवढ्यात बघतो तो समोर सुळग्याची माणसं एक मैल पुढं येऊन रस्त्यात थांबलेली. मोटार माझ्या शेजारून गेली. खिडकीत सुंद्रा. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. ती रडत नव्हती.

त्या काळच्या मोटारीला दर गावाला पाणी पाजावं लागायचं, म्हणून ती माझ्यापुढं फार जाऊ शकली नाही. मोटार थांबली की मी गाठायचो, आणि मी गाठलं की भोवती माणसं असायची. उतारूही खाली उतरून मला शाबासकी द्यायचे. त्यांच्या देखत मोटारीत कसा चढणार?

शिनोळीला एक म्हातारी ताकाचं गाडगं घेऊन सकाळपासून उन्हात उभी होती. ताक पाजलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"लेकरा, म्या काय दर्या बघितला न्हाई," ती म्हणाली. "तू चालत्या पायानं जातोयास. माजा नमस्कार सांग."

मला तिथंच रस्त्यात बसून रडावंसं वाटलं. मी आणखी पळालो. खरं सांगतो, तिच्यासाठी पळालो. घाटापर्यंत जाता येईल असंही एकदा मनात येऊन गेलं. पण बेळगावापासून सोळा मैलांवर पाटण्याच्या फाट्याच्या अलीकडं माझी उजवी पोटरी लाकूड झाली आणि मी बाभळीखाली आडवा झालो. ड्रायव्हर आणि दोन उतारूंनी मला उचलून मोटारीत टाकलं. त्या दोघांचे चेहरे मला अजून आठवतात. घाटाच्या तोंडाला तेलाची वाटी घेऊन एक माणूस रस्त्याकडं डोळे लावून बसला होता. मी सुंद्राच्या लुगड्याच्या बोचक्यामागं तोंड लपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समुद्र बघितला. आधी त्या म्हातारीचा नमस्कार सांगितला. मग वाळूकडं बघितलं. आप्पांचं बरोबर होतं, चढ नव्हता, उतार नव्हता. पण परातीत पाय रुतत नाही.

शर्यत सुटली तेव्हा मी पळालो म्हणायला हरकत नाही. पहिल्या निशाणापर्यंत पळालो. परत येताना लंगडत होतो. तिसऱ्या फेरीला सगळे पुढं निघून गेले आणि वाळूवर मी आणि खेकडे. सुंद्रा निशाणापाशी बसली होती ती उठून आली. परत चला म्हणेल असं वाटलं, पण ती म्हणाली नाही.

"किती राहिलंय?"

"लई."

"मग चला. बसून तरी काय करू? सोबत येतो मी."

आमच्याकडच्या बायका घरात असंच बोलतात, येतो, जातो. तिनं पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि चालायला लागली. आम्ही दोघं दिवसभर त्या वाळूवर चाललो. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण मागाचा आवाज नसताना एवढं कधी बोललोच नव्हतो. नेमण्णांना काय सांगायचं ते तिथंच ठरलं, खरं ते सांगायचं. भरतीचं पाणी घोट्याशी आलं तेव्हा आम्ही शेवटच्या निशाणापाशी पोचलो. बाकी सगळे घरी गेले होते. छत्रीखाली एक म्हातारे मास्तर वही घेऊन पेंगत होते. जो येईल त्याचं नाव लिहायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं. त्यांनी विचारलं, लिहिलं आणि वही मिटली.

एक दिवस पोटरी शेकत वेंगुर्ल्यातच काढला. बेळगावला उतरलो तो थेट खडेबाजारात गेलो. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, तरी थांबलो नाही. मराठीत सगळं सांगितलं, 'ओडकोंत'पासून बोचक्यापर्यंत. सांगताना जमिनीकडं बघत होतो.

नेमण्णांनी हातातलं लुगडं बाजूला ठेवलं.

"पाटण्याच्या फाट्यापातुर पळालास?"

"त्याच्या अलीकडं, अण्णा. सोळा मैल."

"मग मीबी सोळा मैल पळालो की," ते म्हणाले. "ह्या पायाला तेवढं बास हाय."

मग गादीखालून त्यांनी एक कार्ड काढलं. वेंगुर्ल्यात त्यांचा एक कापडवाला होता, शर्यतीचा निकाल कळव म्हणून त्याला आधीच लिहिलेलं. पोचलेल्यांची नावं त्यात ओळीनं उतरली होती. नेमण्णांनी चष्मा लावला.

"सगळ्यांत शेवटी तुजं नाव हाय, ते बघितलं म्या. पन गणपा, तुज्या वरचं हे नाव कुनाचं?"

मी बघितलं. शेवटून दुसरं: सौ. सुंद्राबाई, शहापूर.

शेवटच्या दहा पावलांत माझी पोटरी परत धरली होती, आणि सुंद्रा पुढं गेली होती. मास्तरांनी आधी आलेल्याचं नाव आधी लिहिलं. चोख माणूस.

सत्कार गल्लीत आधीच ठरला होता, मांडव घातलेला होता. तो मोडायचा नाही, असं नेमण्णांनी सांगितलं. मोडला नाही. खुर्ची एकच होती. सुंद्रा खुर्चीत बसली, तिला हार घातला, खण दिला, नारळ दिला. नारळ धरायला मी मागं उभा होतो.

वडगावच्या पाहुण्यांनी नेमण्णांना हळूच विचारलं की बाईंच्या मागं उभे आहेत ते कोण.

"ते व्हय?" नेमण्णा म्हणाले. "ते तिथंबी मागंच व्हते."