तीर्थ न उकळण्याची चूक

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. माझ्या नवऱ्याने जन्मात विडीला हात लावला नाही, तरी फुप्फुसाचा कॅन्सर झाला, आणि तोही पसरल्यावर कळला. पहिल्या किमोला गाठीने दाद दिली नाही. मग नगरच्या डॉक्टरांनी दुसरी, दोन औषधांची एकत्र किमो सुरू केली. "पांढऱ्या पेशी कमी होतील. पाणी उकळूनच द्या आणि ताप आला तर लगेच घेऊन या," असं त्यांनी दोनदा बजावलं. मी मान डोलावली. तरी रोज यांच्या पाण्यात चमचाभर गोदावरीचं तीर्थ गुपचूप मिसळत राहिले. तीर्थ म्हणजे काही पाणी नव्हे, अशी माझी समजूत. ते उकळायचं म्हणजे पापच की!

आठव्या दिवशी यांना ताप भरला. मी अंगारा लावला, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी बाटली घेऊन कोपरगावच्या घाटावर गेले.

तिथे एक म्हातारी अस्थी सोडायला आली होती. मला बाटली भरताना पाहून तिने विचारलं, "कुनासाठी गं पोरी?" मी सगळं सांगितलं, तापाचंसुद्धा. तिने बाटली हिसकावली आणि उपडी केली. "माझ्या लेकालाबी किमोच चालू हुती. ताप आला, आमी दोन दिस घरीच ठिवला. आत्ता ह्याच पान्यात त्याची राख सोडली. पळ, आधी दवाखान्यात ने त्याला!"

शेजाऱ्यांच्या गाडीतून नगर गाठलं. संध्याकाळ केली असती तर हाती काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. हे त्या तापातून वाचले. कॅन्सर आहे तिथेच आहे.

लोक म्हणतात, गोदामाईच त्या बाईच्या रूपात आली. मला तसं म्हणवत नाही. मला शहाणं करायला देवाने तिचा मुलगा नेला असेल, तर असा देव मला नको. तरीही ती त्या सकाळी तिथे होती, म्हणून मी रोज हात जोडते.

घरी आल्यावर यांच्यापुढे सगळं कबूल केलं. हे म्हणाले, "मला ठाव हुतं. वास यायचा पान्याला. पन तुला तेवढाच धीर हुता, म्हनून पीत गेलो."

देवावर भार टाकलाय, असं मी गावभर सांगत होते. तो भार हा आजारी माणूस मुकाट्याने उचलत होता. आता मी काही मागत नाही. दिवस किती द्यायचे ते देवाने ठरवावं. मी फक्त यांच्याजवळ बसते.