उंदराच्या मेंदूतला निळा रंग

मला उंदराच्या मध्यमेंदूतल्या काही पेशी बघायच्या होत्या. या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात. पेशीनं वायू सोडून शेजारणीशी बोलावं, या कल्पनेवरच मी फिदा होते. पेशीतलं एन्झाइम शाबूत असेल, तर खास द्रावणात त्या निळ्या होतात. माझ्या काही होत नव्हत्या. शेवटी माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "या खेपेला नाही जमलं तर प्रबंधाचा विषय बदल. हाडं मोज." हाडं! मला रडूच आलं.

आमचा विभाग शरीररचनेचा. तिथं कुठलाही अवयव आला की टिकवायला फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा आणि विसरून जायचं, ही पिढीजात रीत. मॅडमही म्हणायच्या, "मुरू दे गं." मुरायला ते काय लोणचं होतं? जास्त मुरलं तर एन्झाइमच मरतं, असं माझ्या वाचनात आलं होतं. तसं सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या, "लई घाई झाली का तुला?" झालीच होती. मी मेंदू दुसऱ्याच दिवशी फॉर्मॅलिनमधून बाहेर काढला, पातळ काप केले आणि द्रावणात सोडले.

तेवढ्यात लाइट गेली. द्रावणाला सदतीस अंश ऊब आणि अंधार हवा, आणि इनक्युबेटर बंद! जीव टांगणीला लागला. पण संभाजीनगरातला मे महिना, वरचा मजला, लोखंडी कपाट. आत थर्मामीटर ठेवून पाहिला, तर जवळजवळ सदतीस. कापांची बशी आत ठेवून दार लावलं. त्या दुपारी मी उन्हाला एकही शिवी दिली नाही.

तासाभरानं एक काप ब्रशनं काचेवर चढवला आणि आरशाचा जुना मायक्रोस्कोप खिडकीशी ओढला. निळ्या! मध्यमेंदूतल्या बारीक नळीच्या दोन्ही बाजूंना निळ्याशार पेशी, फांद्या फुटलेल्या. मी इतक्या जोरात ओरडले की मॅडम धावत आल्या. "काय फुटलं?"

मी नुसतीच बाजूला झाले. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवून डोळा लावला. ही नळी त्या वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आल्या होत्या, आणि भोवतीची जागा खडू आडवा धरून भरून टाकायच्या.

"एवढं सगळं असतंय व्हय इथं," त्या हळूच म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. उठायचं नाव घेईनात.

"मॅडम, विषयाचं काय करायचं?" न राहवून मी विचारलं.

"गप गं," डोळा न काढता त्या म्हणाल्या. "दुसरा काप लाव."